रेघेपुढची जागा

रविवार, १२ नोव्हेंबर १९९५, बंगळूर

आज इंदूअक्कांकडे जायलाच नको होतं. त्यांनी चाळीस वर्षं नाटकांत कामं केली, म्हणून सत्काराला इथलं मराठी मंडळ त्यांच्या चेहऱ्याचं चांदीचं नाणं काढतंय. साचा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्याच कारखान्यातला. पहिलं नाणं कौतुकानं घेऊन गेलो. अक्कांना आता दिसत नाही. त्यांनी अंगठा फिरवला. नाक, अंबाडा, जन्मसाल, रेघ. मग मोकळी जागा.

"इथे काय यायचंय रे?"

मी नाणं परत घ्यायला हात पुढे केला. त्यांच्या पश्चात नुसतं साल खोदलं की झालं, नवा साचा नको, म्हणून ती जागा मीच सोडली होती. मंडळानं शाबासकीही दिली!

"मग स्वल्प थांब हं," न सांगताच ओळखून त्या हसल्या. जमलेले सगळे हसले. माझे कान मात्र तिखट. ते रंगमंचावरचं हसू होतं, हुकमी. घरातलं नव्हे.

कसली ही हुशारी माझी?

तापवून पाणी दिल्यानं साचा कडक झालाय, खोदलेली रेघ आता बुजत नाही. उद्या नवा कापायला घेतो. त्यावर रेघच नसेल. पण अक्कांचा अंगठा आधी तीच शोधेल.