रनाळ्याला ऐकलेलं कडवं

सर,

तुमच्या घरी जाऊन आले, रनाळ्याला. तुम्ही होतात तोवर कधी बोलावलं नाहीत. शहाद्यातल्या तुमच्या भाड्याच्या खोलीपलीकडे तुम्हाला घर आहे, सूनबाई आहे, भाऊबंद आहेत, हे ऐकून होते तेवढंच. आता तुम्ही नाहीत आणि मी आपणहून गेले. बरंच झालं गेले ते. नाहीतर तुम्हाला देवमाणूस समजत समजत मीही एक दिवस डोळे मिटले असते.

जायला कारण झालं ते शाळेचं. आपल्या मराठीला अभिजात म्हणून मान्यता मिळाली, तेव्हापासून शाळाशाळांतून कार्यक्रमांची रांग लागली आहे. आमच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, मॅडम, तुम्ही गाण्यातही आहात, विज्ञानातही आहात, तर अभिजात म्हणजे काय ते मुलांना सोप्या भाषेत सांगा. सोप्या भाषेत! मी घरी येऊन कागद पुढे घेऊन बसले आणि माझंच डोकं फिरलं. बी.एड.ला होते तेव्हा पुस्तकात अभिजात अभिसंधान होतं. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, ते. वरच्या वर्गाच्या भौतिकशास्त्रात अभिजात म्हणजे जुने नियम. दगड, बैलगाडी, चंद्र यांना लागू पडणारे आणि अणूच्या दारात गेल्यावर हात टेकणारे. गाण्यात आपण शास्त्रीय म्हणतो तेही इंग्रजीत तेच, क्लासिकल, आणि देवळातला भटजी शास्त्रोक्त म्हणतो त्याचं आणखीनच वेगळं. बसस्टँडसमोरच्या सलूनवर क्लासिक लिहिलंय. नात वेफरचं पाकीट आणते त्यावरही क्लासिक. तिला विचारलं, म्हणजे काय गं, तर म्हणाली, ज्यात नुसतं मीठ असतं ते, आजी. मला वाटतं सगळ्यांत तिलाच नीट कळलंय. मी मात्र तुमच्याकडून शिकले तेव्हा त्या शब्दाचा अर्थ एकच होता. जे आमच्या घरात नाही ते.

तुम्ही असं शब्दांत कधी म्हणाला नाहीत, हे खरं. तुम्ही म्हणालात ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. मी नववीत असेन, तुम्ही शिकवायचात त्याच शाळेत. तुमच्या खोलीत रियाजाला लवकर आले होते आणि तंबोऱ्याची गवसणी काढता काढता गुणगुणत होते. श्रावण होता, घरी कानबाईची, आमच्या खानदेशातल्या देवीची, तयारी चाललेली, मायच्या तोंडात दिवसभर तीच गाणी, मग माझ्या तोंडात दुसरं काय येणार? तुम्ही दारात उभे होतात. रागावला नाहीत, तुम्ही कधी आवाज चढवतच नव्हतात. आत आलात, पेटीचा भाता बंद करून वरची पट्टी लावलीत, तिच्यावर फडकं टाकलंत आणि म्हणालात, "गळा एकच असतो. त्यात एक तर हे राहील, नाहीतर ते. ठरव आणि मग ये." मी त्या दिवशी घरी रडत गेले. आणि ठरवलं. चौदा वर्षांची मुलगी, सर, ती काय ठरवणार? तुम्ही मला आवडत होतात, तुम्ही बोलायचात ते मराठी रेडिओवरच्यासारखं होतं, आणि आमच्या घरी सगळे अहिराणीत, शे आणि व्हयना करत बोलायचे.

आता मला आमचं स्वयंपाकघर दिसतं आहे. रोटाचा दिवस आहे. माय पाटावर बसून कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांची कणीक तिंबते आहे, काकू आणि शेजारच्या दोघी चुलीशी, धुराने सगळ्यांचे डोळे लाल. माय गाणं उचलते आणि बाकीच्या ते झेलतात. गल्लीत तिच्याइतका मोठा गळा कुणाचा नाही. कानबाई कुणाचीही बसो, बोलावणं मायला. आमच्या बायकांत एक रीत आहे, तुम्हाला ती चांगलीच माहीत होती असं आता कळलं. गाणं उचलणारी बाई शेवटी आपल्या मनाचं एक कडवं जोडते. सासू छळते, भाऊ आला नाही, कूस उजवली नाही, जे कुणाला सांगता येत नाही ते ती कानबाईला सांगते. त्या कडव्यावर नंतर कुणी काही बोलत नाही. आणि ते एकदा जोडलं की गाण्यातून गाळायचंही नाही. तर माय कणकेचे हात तसेच ठेवून माझ्याकडे वळून म्हणते, "एक गानं म्हन ना बेटा मन्हासंगे." आणि मी म्हणते, सरांनी नको सांगितलंय, गळा खराब होतो. काकू म्हणाली, वा गं वा, आमचे गळे काय सडले का? माय परातीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, कानबाई उठवून गोमाई नदीवर विसर्जनाला न्यायच्या आधी, तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन बसलात. मायने तुम्हाला चहा पाठवला. मला वाटलं, सर बघायला आले, मी गाते की काय. म्हणून मी मधल्या खोलीत, ओट्यावरून दिसेन अशी, दाराशी बसले आणि कानांवर हात ठेवले. हो, अक्षरशः कानांवर हात. तुम्हाला दिसावं की मी शब्द पाळते. पुढच्या वर्षीही तुम्ही आलात, त्याच्या पुढच्याही. मला केवढा अभिमान! माझ्यासाठी सर आमच्या घरी येतात, माझ्यावर एवढं लक्ष ठेवतात. बायका गात होत्या आणि मी आत मनात भैरवची उजळणी करत होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. विशारद झाले. तुम्ही तुमचा तंबोरा मला दिलात, लग्नात. सासरच्यांना वाटलं भोपळा दिला. मैफली कुठल्या आणि काय कुठलं, शहाद्यात मला कोण ऐकणार होतं? विज्ञान शिकवलं, गॅदरिंगची स्वागतगीतं बसवली. माय गेली त्या वर्षी तुम्ही भेटायला आलात, बराच वेळ खाली मान घालून बसलात आणि उठताना म्हणालात, फार मोठ्या गळ्याची बाई होती. मला वाटलं, सर किती सभ्य आहेत, अडाणी बाईबद्दलही चांगलं बोलतात. ते आठवून आता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, आणि मग तुमच्याही.

तर रनाळे. मुख्याध्यापक म्हणाले, कार्यक्रमात थोडं लोकगीतही हवं, रनाळ्याच्या बायका कानबाईची गाणी फार छान म्हणतात, एकदा ऐकून या. गाव तुमचं, म्हणून मला बरंच वाटलं. म्हटलं तुमच्या फोटोला नमस्कारही होईल. तुमच्या भाऊबंदांची कानबाई आमच्यानंतरच्या रविवारी बसते, हे मला तिथे गेल्यावर कळलं. दुपारची वेळ होती. चौरंगावर नारळाला नथ घातलेली, हिरवं पातळ नेसवलेलं, भिंतीशी बायका गोळा झालेल्या. सूनबाईने मला पुढे बसवलं. शाळेत मुलांच्या गाण्याला ताल धरायची सवय, तशी मी मांडीवर बोटं ठेवून बसले. त्यांनी गाणं उचललं. कानबाई माहेरी निघालीय आणि तापी वाट देत नाही, ते. चाल कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली, पण अशा चाली सगळीकडेच असतात. मग शेवटचं कडवं आलं.

"मन्ही पोर शिके मोठं गानं, माय वं,
मन्हं गानं तिले दिसे ल्हानं."

सर, माझी बोटं थांबली. बायका पुढच्या गाण्याकडे वळल्या आणि मी तिथेच. सूनबाईला हाताला धरून विचारलं, हे कडवं कुणाचं? ती सहज म्हणाली, "शहादानी एक बाई व्हती म्हने, तिनं. आमना मामाजी तिनापाईन शिकनात. दरसाल पहिलं गानं तेच म्हनेत. त्यास्ना बिगर आमनी कानबाई उठेच ना." मामाजी म्हणजे तुम्ही, सर. बायकांच्या मागे बसून, मांडी ठोकत, अहिराणीत. सोमवारी आमच्या ओट्यावर ऐकलेलं, पुढच्या रविवारी तुमच्या घरात. मी विचारलं, आणि शाळेतलं गाणं, तंबोरा, राग? ती हसली. म्हणाली, मामाजींचं म्हणणंच होतं ना ते, "शायानं शायामा, घरनं घरमा." शाळेचं शाळेत, घरचं घरात.

मग मला का नाही हो सांगितलंत तसं? मला म्हणालात गळा एकच असतो. तुमचे दोन होते. एक तुम्ही शहाद्याला खुंटीवर टांगायचात आणि दुसरा घेऊन एसटीने घरी यायचात. मी माझा सोडला, माझ्या घरात बसून सोडला, आणि तुम्ही तोच आमच्या ओट्यावरून उचलून नेलात. ते तरी एक वेळ सोसलं असतं. पण मायने ते कडवं माझ्यावर जोडलं होतं. तिच्यापासून एका भिंतीपलीकडे मी कानांवर हात ठेवून बसले होते आणि तुम्ही ते ऐकलंत. तुम्हाला कळलं नसेल असं म्हणू नका, दुसऱ्या कुणाला नाही तर तुम्हाला तरी कळलंच होतं ती पोर कोण. त्यानंतर किती वर्षं तुमच्यासमोर बसून मी सा लावला. एकदा म्हणायचं होतंत, जा गं, आईजवळ बस एक दिवस. एवढ्याने माझा भैरव बाटला असता का? विश्वासघात म्हणतात तो हाच. दुसरा शब्द मी शोधला, मिळाला नाही.

सूनबाईला मी सांगितलं, ती बाई माझी माय. सूनबाई मग आत गेली आणि रोटाचा तुकडा घेऊन आली. तुमच्याकडेही आमच्यासारखंच, रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत; भिंतीजवळची म्हातारी लगेच पुटपुटलीच, अशी भलती चाल घरात पाडू नका म्हणून. सूनबाई तिला म्हणाली, "गानं तिनं शे, मंग रोट बी तिना." मी तो खाल्ला. तुमच्या फोटोसमोर बसून खाल्ला आणि नमस्कार केला नाही. शंभर वर्षं वर टांगलेले राहा, मी करणार नाही, असं मनात म्हटलं.

भाषण परवा आहे. अभिजात म्हणजे काय, ते अजून लिहून झालेलं नाही. रनाळ्याच्या बायका येणार आहेत, ते कडवं म्हणणार आहेत. त्यांना वाटतं ते शहाद्याच्या कुठल्या तरी बाईचं आहे, आणि मंचावर मी ते कुणाचं ते सांगणार आहे. तुमचं नावही घेईन की नाही, ठरलेलं नाही. हे पत्र पाठवायला पत्ता एकच आहे, आणि तिथे ते सूनबाई उघडेल. तिने मला रोट दिला आहे. तिच्या हातात मी हे देणार नाही.

एक तेवढं सांगते. गेले काही दिवस स्वयंपाक करताना मी ते कडवं म्हणते. "ल्हानं" वर बायका एक बारीकशी मींड घेतात, सूर न तोडता गंधारावरून खाली घसरत. ती मायची की तुम्ही घातलेली, हे मला ओळखता येत नाही. एवढी वर्षं सूर ओळखायला शिकवलंत आणि नेमकं हेच येत नाही. मायचा आवाज आठवायला बसते तर कानांवरचे माझेच हात आठवतात. म्हणून मींड घेऊनच म्हणते, सर. तुम्ही म्हणायचात तसंच. दुसरीकडून कुठून शिकू?