मशीन राधानगरीला येत नाही

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार

ती. आक्का यांना संयोगिताचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत, भाऊजींचा खोकला थांबला का, आणि नवीन म्हैस लाथा मारायची राहिली का, ते सवडीनं कळवा. इकडं सगळे खुशाल आहेत आणि मी तर जरा जास्तच खुशाल आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही (राग मानू नका, खरं तेच लिहितेय) आणि ही हकीकत मला मध्ये कुणी न अडवता सांगायची आहे.

दिवाळीत आला होतात तेव्हा माझ्या शिवणाचा ढीग बघून तुम्ही जे बोललात ते मी विसरलेले नाही. जुन्या चादरीचा गाऊन तुम्ही एकवेळ सोडून दिलात, पण सतरंजीचं जाकीट बघून बोहारीणसुद्धा हे घेणार नाही म्हणालात. वर आपल्या बंधुराजांना सल्ला दिलात, की मशीन राधानगरीला पाठवून दे, आमच्या प्रियदर्शनीनं शिवणाचा क्लास केलाय, सुनेच्या हाती तरी ते कामाला येईल. झालं. तुमचा शब्द हे कधी खाली पडू देतात? तेव्हापासून टेम्पोत बसेल का, अशा नजरेनं ते मशीनकडं बघायला लागले. शेवटी मीच पैज लावली. मी एक शर्ट शिवते, तो घालून तुम्ही एकदा चारचौघांत जायचं. लोक हसले तर मशीन राधानगरीला, नाही हसले तर परत विषय काढायचा नाही. ते लगेच कबूल झाले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

कापड म्हणून मी तुम्ही वास्तुशांतीला दिलेला पडदा काढला. वांगी रंगाचा, त्यावर परातीएवढी पिवळी सूर्यफुलं. (पडदा चांगलाच होता, आक्का. फक्त त्याच्यामुळं भरदुपारी दिवा लावावा लागायचा.) एक फूल बरोबर छातीवर आणि एक पाठीवर येईल असं बेतलं, आणि कॉलर तर अशी ताठ उभी राहिली की मीच तिच्याकडं बघत बसले. आता चारचौघांत म्हटल्यावर माणूस देवळात जाईल, भाजी आणायला जाईल. तुमच्या बंधुराजांनी काय निवडलं असेल? स्टेडियम. आमच्या पेठेच्या संघाची सेमीफायनल होती. तिथं सगळी पेठ जमते आणि हसायला कुणालाही शिकवावं लागत नाही. मीही साक्षीदार म्हणून बरोबर गेले, कारण हसले की नाही हे त्यांच्या तोंडून ऐकण्यात काही अर्थ नव्हता.

गॅलरीत पाय ठेवला आणि वरून एकानं हाक दिली, “पावणं, खिडकी उघडीच टाकून आलाय व्हय?” सगळी गॅलरी हसली. तुमच्या बंधुराजांनी माझ्याकडं असं खूश होऊन बघितलं की लग्नातल्या फोटोतही त्यांचा चेहरा एवढा खुललेला नाही. मला फार वाईट वाटलं. पोरांचे शाळेचे कपडे, तुमच्या आईंची शेवटची चोळी, सगळं त्या मशीनवर शिवलेलं, आणि ते आता पोत्यात गुंडाळून जाणार. सामना राहिला बाजूला, मी सुतळी कुठं ठेवलीय ते आठवत बसले.

तेवढ्यात खाली गोंधळ झाला. समोरचा संघ नवीन पोपटी जर्सी घालून उतरला होता आणि आमच्या गोलकीपरची जर्सीही पोपटीच. (गोलकीपर म्हणजे शाहबाज, शेजारच्या नजीराभाभींचा मुलगा. अंगानं यांच्याएवढाच.) पंच म्हणाले, गोलकीपरचा रंग कुणाशीही जुळता कामा नये. जादा जर्सीची पिशवी संघाच्या तालमीतच राहिलेली. मग संघाचा मॅनेजर सम्राट गॅलरीसमोर एकेकाचे शर्ट बघत धावत सुटला तो आमच्यापुढं येऊन थांबला आणि हे बनियनवर आले. पंचांनी शर्ट उलटासुलटा करून बघितला, हा रंग दोन्ही संघांत नाही आणि आपण इतरत्रही कुठं बघितलेला नाही, असं म्हणून परवानगी दिली.

सामना बरोबरीत सुटला, टायब्रेकर झाला आणि सगळं शेवटच्या पेनल्टीवर आलं. त्यांच्या फॉरवर्डनं बॉल डाव्या कोपऱ्यात वर हाणला. शाहबाज उडाला, डावा हात वर, बॉल पंजावर आपटून बाहेर. मग काय, हलगी, गुलाल, काही विचारू नका. पोरांनी आधी शाहबाजला उचललं, मग यांना, बनियनसकट. सम्राटनं ओरडून विचारलं, हा शर्ट शिवला कुणी? तुमचे बंधुराज खांद्यावरूनच म्हणाले, “आमच्या हिनं शिवलाय की. घरात मशीन हाय आमच्या.”

आक्का, लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस माझ्याबद्दल चार लोकांत पहिल्यांदा असं बोलला. मला रडू आलं, ते लिहायला मला लाज वाटत नाही.

आता मशीन न्हाणीशेजारून उठून पुढच्या खोलीत आलंय. रविवारी फायनल आहे आणि पेठेतल्या निम्म्या घरांचे पडदे, चादरी, सोफ्याची कव्हरं माझ्याकडं येऊन पडलेत. सगळ्यांना असाच शर्ट हवा आहे. हे स्वतः चष्मा लावून सुईत दोरा ओवून देतात. तेव्हा मशीन राधानगरीला येत नाही, हे कळावं. भाऊजींना नमस्कार, प्रियदर्शनीला आशीर्वाद.

तुमची,
(मशीनसह) संयोगिता

ता. क. : काल शाहबाज शर्ट परत द्यायला आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “काकी, डावा हात खालीच येत न्हवता. बॉल आपणच येऊन आदळला.” बघते तर डावी बाही मी उलटी बसवलेली. हेही गॅलरीत तसाच हात वर करून बसले होते, ते म्हणे त्याचमुळं. मला वाटलं, ओळखीच्यांना रामराम करतायत. हे आम्हा तिघांतच आहे, आता तुम्ही चौथ्या.

ता. क. २ : मुख्य लिहायचं राहिलंच. रविवारचे सगळे शर्ट कॉलरसकट तयार आहेत, पण बाह्यांवाचून दांडीवर लटकलेत. प्रियदर्शनीला बाह्या लावता येतात ना? तिला पत्र मिळताच पहिल्या एसटीनं नक्की पाठवा. फक्त शाहबाजच्या शर्टाच्या डाव्या बाहीला हात लावू नकोस, हे तिला निघतानाच बजावा. बाहीचं तालमीत कुणाला ठाऊक नाही, पण शर्ट शुभ आहे, त्याचा एक टाकाही उसवायचा नाही, असा तालमीनं ठराव केलाय.