सामानाजवळ कुणी बसायचं?

चि. धाकटीस तुझ्या थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. मी इकडे खुशाल आहे. तूही तिकडे खुशाल असशील, आणि नसलीस तरी हे पत्र वाचून होशील. खोकला थांबला का तुझा? गुडघ्याला ते तेल लावतेस, की बाटली कपाटात ठेवून नुसतं तिच्याकडे बघतेस? (मी तेच करते. तेवढ्यानंही बरं वाटतं.) फोन का नाही केला म्हणशील. तर आमच्याकडे फोन आला की सूनबाई तो स्पीकरवर टाकते. मला नीट ऐकू यावं म्हणून टाकते बिचारी, पण मग घरातल्या सगळ्यांनाच नीट ऐकू येतं. म्हणून नातीच्या वहीतली पानं मागून घेतली. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, सुनेला वाचायला देऊ नकोस. एकटीनंच वाच आणि शेवटपर्यंत वाच. मधेच चष्मा काढून आडवी होऊ नकोस, कारण काम शेवटी आहे.

तर आम्ही बर्फात जाऊन आलो. मुलगा, सूनबाई, नात आणि मी. झालं असं, की सूनबाईनं फोनवर एक यादी वाचली. हिवाळ्यात प्रवासाला गेल्यावर उघड्यावर करायच्या दहा धमाल गोष्टी. आता आपल्याला वाटतं, धमाल वाटली तर करावी, नाही तर पडून राहावं. तसं नसतं हो. धमाल कशाला म्हणायचं ते यादीत आधीच लिहिलेलं असतं. चार दिवसांत दहा, म्हणजे दिवसाला अडीच धमाल. सकाळी सातला आमचे चिरंजीव खोलीत येऊन टाळ्या वाजवायचे, "चला चला, उशीर होतोय, मजा करायचीय!" ऑफिसला निघताना हा असा घाईत असता तर आत्तापर्यंत साहेब झाला असता. आणि कपडे केवढे! नातीला तिच्या आईनं इतकं गुंडाळलं होतं, की तिला वाकता येईना. एकदा पडली ती तशीच पाठीवर हातपाय हलवत राहिली, तीन माणसांनी उभी केली.

पहिली धमाल म्हणजे गोठलेल्या तळ्यावर पायाला पातं बांधून घसरणे. लहान पोरांना धरून शिकायला तिथे प्लॅस्टिकची बदकं ठेवलेली असतात. मुलानं (वय त्रेचाळीस, हाताखाली बारा माणसं) एक बदक दोन्ही हातांनी जे धरलं ते तासभर सोडलं नाही. एक चार वर्षांची मुलगी बदक मागत त्याच्यामागे रडत फिरत होती, तरी नाही सोडलं. दुसरी धमाल, बर्फावर चालायला सुपाएवढे बूट घालून जंगलात पक्षी बघणे. पक्षी शहाणे, ते असल्या थंडीत बाहेर पडत नाहीत. तिसरी, तळ्याला भोक पाडून मासे धरणे. घरी चहाला दोन मिनिटं उशीर झाला तर हा टेबल वाजवतो, तोच माणूस भोकाकडे बघत दोन तास गप्प बसला. शेवटी बोटाएवढा एक मासा लागला. त्याच्यासोबत सगळ्यांचे फोटो झाले, मग तिथल्या माणसानं तो अलगद परत पाण्यात सोडला. मला वाटतं तो त्यांचा रोजचाच मासा असावा, तोंडावर काही घाबरल्याचं दिसत नव्हतं. प्रत्येक गोष्टीचं असंच. आधी फोटो, मग फोटो बघणे, मग सूनबाई म्हणणार, "यात आपण मजा करतोय असं वाटतच नाहीये, परत हसा." ओठ फुटेस्तोवर हसली गं ती माणसं.

आता दुसरी कुणी असती तर तिनं विचारलं असतं, की हे सगळं चालू असताना तुम्ही काय करत होतात? धाकटे, तू नाही विचारणार. तुला ठाऊक आहे. ताई सामानाजवळ बसली होती.

आपल्याला हे काही नवीन आहे का? मी समुद्र पाहिला तो सहा जोडी चपलांच्या पलीकडून. प्राणिसंग्रहालयात गेले तेव्हा फाटकाजवळच्या बाकावर पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या, वाघाचा नुसता आवाज ऐकला. (तो वाघच होता असं मुलगा म्हणतो.) आणि तू? तुझ्या लेकाच्या लग्नात अख्खा वेळ त्या निळ्या बॅगेवर बसून होतीस, आणि फोटोत बॅग आली, तू नाहीस. आपल्यावर कुणी जबरदस्ती करत नाही, तेवढं खरं. नुसतं म्हणतात, "आई, तू बस हं निवांत." आणि निवांत म्हटलं की हातात एक पिशवी येते. इथेही तसंच. तळ्याकाठी, टेकडीच्या पायथ्याशी एक लांब बाक, त्यावर मी, आणि माझ्याभोवती चार पाठपिशव्या, दोन कॅमेऱ्यांच्या बॅगा, बुटांचे जोड, काढलेले कोट, थर्मास आणि बिस्किटांचे पुडे. डोळ्यांसमोर टेकडी. त्या टेकडीवरून माणसं घसरगाडीत बसून खाली यायची. लाकडाची बुटकी गाडी, चाकं नाहीत, दोरी हातात, आणि वरून सुटली की सूं करत खाली. येताना सगळी ओरडायची. त्यांना हसायला कुणी सांगावं लागत नव्हतं.

मला तिथून एकदा खाली यायचं होतं. तीन दिवस रोज म्हटलं, "मी पण बसू का रे?" पहिल्या दिवशी मुलगा हसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, तुझं वय काय, बोलतेस काय?" तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मग सामानाजवळ कुणी बसायचं?" मी परत पिशव्या मोजायला बसले. पाचव्या दिवशी सकाळी निघायचं होतं, म्हणजे चौथा दिवस शेवटचा. आणि यापुढे मला कोण कधी बर्फात नेणार होतं? मला वाटलं, हीसुद्धा आता वाघासारखी नुसती ऐकायची.

चौथ्या दिवशी बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई येऊन बसली. माझ्याच वयाची, डोक्यावर लाल गोंड्याची टोपी, आणि भोवती सामान. माझ्यापेक्षा दोन नग जास्तच. तिची भाषा मला येईना, माझी तिला येईना, पण तिनं माझ्या ढिगाकडे पाहिलं, मी तिच्या, आणि पुढे बोलायचं काही उरलंच नाही. तिनं गुडघा दाखवला, मी कंबर दाखवली. मी माझा मुलगा दाखवला, पायाला दोन लांब पट्ट्या बांधून छोट्या उतारावर पडत होता तो. तिनं तिचा दाखवला, तो आधीच पडलेला होता. दोघींनी कपाळाला हात लावला. मी बिस्किटं दिली, तिनं सुकी फळं दिली. पाव तासात इतक्या मोकळ्या झालो, की तितकी मी माझ्या जावेशी तीस वर्षांत झाले नाही. मग ती टेकडीकडे बघत बसली, मीही बघत बसले. मग तिनं टेकडीकडे बोट दाखवलं, माझ्याकडे दाखवलं, स्वतःच्या छातीवर हात मारला आणि दोन्ही ढिगांवर एकदम हात पसरले. तू जा, मी बसते दोन्हीकडच्या सामानाजवळ.

अगं, इतकं सोपं होतं! इतक्या वर्षांत मला कधी सुचलं नाही, आणि आपल्या माणसांना तर मुळीच नाही.

गेले. रोपवेच्या पाळण्यात बसून वर गेले. (पाय लटकतात त्यात. खाली बघायचं नाही. मी बघितलं.) वर घसरगाडीवाला उभा. त्यानं मला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं (तिथल्या लोकांना गिऱ्हाइकांच्या सगळ्या भाषा येतात), "आजी, सोबत कोण आहे?" म्हटलं, "सोबतीला कंटाळूनच आलेय बाबा." तो म्हणाला, "घाबरणार तर नाही ना?" म्हटलं, "तीन बाळंतपणं झालीत माझी, तू ढकल." त्यानं ढकललं.

काय सांगू तुला. आधी पोट वर राहिलं आणि मी खाली गेले. डोळ्यांतून पाणी आलं ते कानात शिरलं. लहानपणी आपण कोंड्याच्या ढिगावरून पोत्यावर बसून घसरायचो ना, आणि तू मागून माझी वेणी धरायचीस, तसंच, फक्त वेणी धरायला कुणी नाही. मी ओरडत होते, "बाजूला व्हा रे मेल्यांनो!" आणि बरोबर मधे कोण, तर आमचे चिरंजीव, चारी पायांवर. कसाबसा बाजूला लोळला आणि तोंडातला बर्फ थुंकत म्हणाला, "सॉरी हं, आजी." आजी! सख्ख्या आईला! ओळखलं नाही गं त्यानं. त्याचा तरी काय दोष? त्यानं मला पिशव्यांशिवाय पाहिलंय कधी?

मग मी बसले, टोपीवाली गेली. ती खाली आली तेव्हा टोपी मागच्या बाजूला तोंड करून होती आणि बाई वीस वर्षांनी लहान दिसत होती. मग मी. मग ती. मग घसरगाडीवाल्यानं वरून दोन बोटं दाखवली. दोघींची गाडी असते म्हणे. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, सामानाकडे पाहिलं. तिनं तिचा मफलर काढला, मी माझी शाल काढली, आणि दोन्ही घरांचं सामान एकत्र करून अशी काही गाठ मारली, की चोराला न्यायचंच झालं तर बाकासकट न्यावं लागलं असतं. आणि गेलो.

आता खाली काय झालं ते मला नातीनं नंतर सांगितलं. कर्ण्यावरून घोषणा झाली, की बाकाजवळ बेवारस सामान सापडलंय, सगळ्यांनी दूर व्हा. दोन पहारेकरी आले, त्यांनी भोवती लाल दोरी बांधली. एक कुत्रा आणला, त्यानं सगळं हुंगून तपासलं आणि बिस्किटं खाल्ली. इकडून आमची माणसं धावत आली, तिकडून तिची. मुलगा म्हणतोय, "माझा लॅपटॉप!" सूनबाई म्हणतेय, "पाकीट! आणि माझा चार्जर!" टोपीवालीचा लेक त्याच्या भाषेत तेच म्हणत असणार, हातवारे सारखेच होते. चार्जर झाला, कॅमेरा झाला, सुनेचे नवे बूट झाले, मग नात म्हणाली, "पण आजी कुठाय?" तेव्हा कुठे सगळ्यांनी बाकाकडे पाहिलं.

आजी त्या वेळी उतारावर निम्म्यात होती. पुढे टोपीवाली, मागे मी. दोरी तिच्या हातात होती, आणि ती भीतीनं की आनंदानं कोण जाणे, डावीकडेच ओढत राहिली. आम्ही वाट सोडली, लाल दोरी तोडली, एका पहारेकऱ्यानं उडी मारली म्हणून वाचला, आणि सरळ त्या ढिगात जाऊन घुसलो. कोट होते, पाठपिशव्या होत्या, मऊ मऊ. आयुष्यभर मी सामान सांभाळलं, त्या दिवशी सामानानं मला सांभाळलं. थर्मास तेवढा फुटला. टोपीवाली आणि मी उताण्या पडून इतक्या हसलो, की पहारेकऱ्यांना वाटलं डोक्याला मार लागलाय. नात टाळ्या वाजवत होती. फोटो काढायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

मग मुलाचं भाषण झालं. तुझं वय, तुझी हाडं, लोक काय म्हणतील, आणि "तुला फक्त सामानाजवळ बसायला सांगितलं होतं गं आई!" मी मान खाली घालून ऐकत होते. तेवढ्यात त्या दोघांतला मोठा पहारेकरी माझ्या बाकामागे गेला आणि भिंतीवर हातानं ठोकून म्हणाला, "साहेब, हे कशासाठी ठेवलेत?" धाकटे, बाकाच्या पाठीमागे भिंतभर लोखंडी कपाटं होती. सामान ठेवायची. प्रत्येकाला किल्ली. मी चार दिवस त्यांना पाठ टेकून बसले होते! सूनबाई अगदी खूश झाली. "अय्या, लॉकर आहेत की! मग पुढच्या वेळी आईंना कशाला त्रास द्यायचा?" मुलगाही म्हणाला, "खरंच, आईला झेपत नाही आता." झालं. माझी जागा कपाटाला मिळाली. पुढच्या हिवाळ्यात ते तिघं जाणार आणि मी घरी निवांत बसणार, असं हॉटेलवर परतताना गाडीतच, तारखांसकट ठरलं. मला विचारलं नाही. मी हो म्हणाले असंही ठरलं.

घरी सगळ्यांना माझा आशीर्वाद सांग, बाकी काही सांगू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. पाठीवर डाव्या बाजूला तळहाताएवढं काळंनिळं झालंय. घरी बोलले नाही. वर खुशाल लिहिलंय ते पाठ सोडून समजावं.

दुसरा ता. क. आता काम. हॉटेलच्या काउंटरवरच्या पोरीला आम्हा दोघींच्याही भाषा येतात. निघायच्या सकाळी मुलगा गाडीत बॅगा भरत होता, तेव्हा टोपीवालीनं आणि मी पुढच्या हिवाळ्यातले चार दिवस काउंटरच्या वहीत लिहवून घेतले. आमची माणसं जातील त्याच्या पंधरा दिवस आधीचे. बस थेट टेकडीखाली सोडते. दोन खाटांची खोली शिल्लक नव्हती, तीन खाटांची मिळाली. तिसरीवर सामान ठेवू, असं टोपीवाली म्हणाली. मी म्हटलं, खबरदार, तिथे माझी बहीण झोपेल. तर मी घरी सांगणार आहे, की धाकटीचा खोकला फार वाढलाय, चार दिवस तिच्याकडे जाऊन येते. तू घरी सांग, ताईची कंबर धरलीय, चार दिवस तिच्याकडे जाऊन येते. गुडघ्याचं कारण मला देऊ नकोस. घसरायला गुडघा लागत नाही, मी नीट बघितलंय.

तिसरा ता. क. तुझ्या लेकानं माझ्या लेकाला फोन करून विचारलं, किंवा माझ्यानं तुझ्याला, तर आपण दोघी पकडल्या जाऊ, अशी धाकधूक मला दोन दिवस होती. म्हणून काल नातीला सहज विचारलं, तुझ्या बाबानं माझ्या धाकटीच्या लेकाला शेवटचा फोन कधी केला गं? ती म्हणाली, "कोण गं, आजी?" तेव्हा काही भीती नाही. ये.