पंपघराच्या माळ्यावरची आत्याबाई

४ मार्च

ती. ताईस खारूचा सा. न. वि. वि.

तू कॉलेजला गेल्यापासून पंपघराच्या माळ्यावर मी एकटीच चढते. पंप चालू असला की बाबांना शिडीची करकर ऐकू येत नाही. आनंदाची बातमी अशी, की आपल्या घुबडाला, म्हणजे आत्याबाईला, तीन पिल्लं झाली! तिचं तोंड अजून तसंच, पावडर फासल्यासारखं. खऱ्या आत्याला हे नाव कळलं तर आपली काही धडगत नाही. पिल्लं उकळत्या किटलीसारखी फुसफुसतात. मधलं भारी हावरट. उंदीर गिळतं आणि शेपूट तोंडाबाहेर लोंबत ठेवतं. आपली शपथ मी मोडली नाही, आईलासुद्धा सांगितलं नाही. सुट्टीत येशील ना? की कॉलेजात गेल्यावर माळ्यावर चढायचं नसतं?

लोभ आहेच, तो पिल्लांसारखा रोज वाढू दे.

तुझी खारू

१२ मार्च

चि. खारूस अ. उ. आ.

पत्र वाचून हसू आवरेना. आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांना आत्याबाईबद्दल सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच. वर्गात इतक्या मुली, पण तेव्हापासून सर मला एकटीलाच नावानं हाक मारतात. रविवारी माझ्या वर्गातले दोघे येतील. वजन करून, पायात छोटी कडी घालून तिला सोडून देतील. परक्यांना ती ओरबाडेल, म्हणून तूच पुढे हो, तिला तुझ्या हाताची सवय आहे. आई कुरकुर करील. करू दे, तिला शास्त्रातलं काय कळतंय!

ताईवरचा जीव असाच राहू दे.

ताई

२० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

मीच तिला खाली आणलं. दिवसाची वेळ, पेंगत होती. मला साधी चोचसुद्धा लावली नाही. त्यांनी तिला पिशवीत घातलं, वजनकाटा गाडीत आहे म्हणाले, आणि गाडीच सुरू केली. मी फाटकापर्यंत धावले. त्यांना वाटलं मी टाटा करतेय, त्यांनीही हात हलवले.

माणसं येऊन गेल्यापासून पिल्लांचा बापही फिरकत नाही. आज धाकटं दिसेना. मधल्याच्या तोंडात त्याचा पाय होता. मी खिमा भरवते, पण थुंकून टाकतात. आई म्हणाली, ताईलाच विचार. आत्याबाईला कधी सोडणार गं?

लोभ असेल तर लगेच लिही.

खारू

२७ मार्च

चि. खारूस अ. उ. आ.

रडगाणं पुरे. आता काही तू कुक्कुलं बाळ नाहीस. आत्याबाई आमच्या कॉलेजच्या काचेच्या कपाटात ऐटीत बसली आहे. डोळे काचेचे, पण अगदी खरे वाटतात. खालच्या पाटीवर शोधणारी म्हणून माझं नाव आहे. आधी सांगितलं असतं, तर तू तिला खाली आणलं असतंस का? आत्याबाई तरी उंदरांना विचारून गिळत होती का?

सरांना आता पिल्लंही हवीत, स्पिरिटच्या बरणीत ठेवायला. उपासमारीनं पिसं झडतात, तेव्हा उरलेली लवकर पाठव. तू शहाणी आहेस, फोड करून सांगायला नको.

ताईची लाडकी आहेस, तशीच राहा.

ताई

५ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

थोरलं आपसूक गेलं. मधलं मात्र तगलं होतं. खिमा खायला लागलं होतं, मी दिसले की मान डोलवायचं. पण तुला लवकर हवं होतं, म्हणून मी थांबले नाही. बाबांचा हातमोजा घातला. त्यानं माझ्या दुसऱ्या हाताचं बोट चोचीत धरलं, खाऊ वाटला असेल. फार वेळ लागला नाही. दोन्ही पिल्लं पुसून, कापसात गुंडाळून डब्यातून पाठवते आहे. एकही पीस मोडलेलं नाही.

ओढ्याकाठी खंड्याचं बीळ आहे, त्यात अंडी असतील. हवी असतील तर सरांना विचारून कळव. मात्र पाटीवर माझंही नाव हवं. खारू नको, शाळेतलं.

बाबा म्हणाले, पोर कामाची निघाली. आईनं मात्र त्या दिवसापासून माझी वेणी घातलेली नाही. मीच घालते. आधी वाकडी यायची, आता जमते.

लोभाचं तू बघ.

तुझी धाकटी बहीण