तुमच्या बोलण्यातलं अडखळणं

आबा,

गेल्या महिन्यात मी ऑफिसात तुमच्यावर हसले. एकटी नाही, चारचौघांबरोबर हसले. तेच सांगायला बसलेय.

मी काय काम करते ते तुम्हाला कधी कळलंच नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. बेलापूरला एक छोटा स्टुडिओ आहे. तिथे माणसं पुस्तकं वाचतात, आम्ही ती रेकॉर्ड करतो आणि लोक ती फोनवर ऐकतात. वाचणारा दमला की त्याचा आवाज खाली येतो, एखादा शब्द ओढला जातो, एखादा घाईत गिळला जातो. तो आवाज वर-खाली करून, शब्द लांबवून-आखडून सगळं सारखं करायचं, हे माझं काम. आमचं जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालेना, तेव्हा मालक म्हणाले, "मॅडम, दोन-तीन ट्रायलला घ्या, वापरून बघा आणि एक काय ते फायनल करा. पण गाणेवाल्यांचं नको, आपल्याला बोलण्यावर चाललं पाहिजे."

मी तीन उतरवून घेतली. पहिल्यात शब्द जरा ताणला की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा व्हायचा. दुसरं गाण्याला उत्तम, पण साध्या बोलण्यालाही सूर लावून ठेवायचं. "दार उघड" म्हटलेलं अंगाईसारखं ऐकू यायचं. तिसरं बरं वाटत होतं. पण आमचे वाचणारे सगळे तयारीचे, त्यांच्यात दुरुस्त करायला फार काही नसतंच. खरी परीक्षा घ्यायची तर पावलोपावली अडखळणारा आवाज हवा होता. तसा एक माझ्याकडे होता.

दहावीनंतर तुम्ही मला टेपरेकॉर्डर आणून दिलात ते आठवतं? कळंबोलीच्या खोलीत आई भाकऱ्या थापतेय, स्टोव्ह फरफरतोय, आणि मी टेप तुमच्यासमोर धरून म्हणतेय, "बोला काहीतरी." तुम्ही मान हलवून नाही म्हणता. मग आई म्हणते, "बोला की, पोरगी येवढं म्हनतीया तर." आणि तुम्ही गावाकडून पहिल्यांदा लोखंड बाजारात आलात तो दिवस सांगायला लागता. साधी गोष्ट, पण प्रत्येक वाक्यात दोन-तीनदा थांबून, एकेक अक्षर पुन्हा पुन्हा म्हणत तुम्ही ती कॅसेटची बाजू संपेपर्यंत सांगितलीत. त्याच बाजारातल्या वजनकाट्यावर नोकरीला असताना तुम्ही ट्रकांच्या वजनाचे आकडे चालीत म्हणायचात, कारण चालीत म्हटलं की जीभ अडकत नसे. ड्रायव्हर खिडकीखाली तुमची नक्कल करायचे, "और एक भजन हो जाए, मास्टर!" तुम्ही पावती पुढे करायचात. मी तुमचा डबा घेऊन आलेली असायचे. तो दाराशी ठेवून पळायचे.

एकदाच तुम्ही मला रागावलात. मेडिकलच्या दुकानात आईच्या औषधाचं नाव सांगताना तुमची जीभ अडली, मागे लोक खोळंबले, आणि मी ते नाव पटकन सांगून मोकळी झाले. बाहेर रस्त्यावर तुम्ही उभे राहिलात. "म-म-माझं बोलणं... म-मला संपवू दे. उ-उशीर होईल. होऊ दे." एवढंच बोलून तुम्ही चालायला लागलात.

आणि मी काय केलं, तर ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली आणि तुमची गोष्ट साफ करायला बसले. पुन्हा पुन्हा आलेली अक्षरं कापली, मधल्या थांबलेल्या जागा मिटवल्या. जोड दिला तिथे आवाज उडी मारत होता, तो सपाट केला. अर्धवट तुटलेली अक्षरं ओढून पुरी केली. पहिली दोन सॉफ्टवेअरं तुमच्यापुढे हरली. तिसऱ्यात जोड कुठेच कळेना.

मालकांना आधी मूळ आवाज ऐकवला, मग दुरुस्त केलेला. मूळ सुरू झाल्यावर आमचा एक रेकॉर्डिस्ट म्हणाला, "हा बोलतोय का स्कूटरला किक मारतोय?" सगळे हसले. मीपण हसले, आणि चांगलं मोठ्यानं. दुसरा आवाज ऐकून मालक खूष झाले. "कमाल आहे! कोण आहे हा माणूस?"

"माहीत नाही सर," मी म्हटलं. "नेटवर मिळाला."

त्याच दिवशी ते सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. मी निवड चांगली केली म्हणून सगळ्यांना चहा आला. मी तोही प्यायले.

घरी आल्यावर आईला तो साफ आवाज ऐकवला. वाटलं, तिला बरं वाटेल; तिच्यासमोर तरी मी काही चांगलं केलं असं होईल. तिला आता नीट दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "चांगलं बोलतोय की मानूस. कोन म्हनायचा ह्यो? आपल्याकडचाच दिसतोय." मी मूळ रेकॉर्डिंग लावलं. तुम्ही "म-म-मी" म्हणालात आणि ती खुर्चीत पुढे सरकली. "हां, आलं बघ तुजं आबा." मग तिनं मला बोलू दिलं नाही. तुम्ही थांबलात की तीही थांबायची. तुम्हाला शब्द सापडेपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. इतकी वर्षं ती तुमच्यासमोर अशीच बसत असणार. मी कधी पाहिलंच नाही, मी तोवर खोलीबाहेर गेलेली असायचे.

ती रडली नाही. म्हणाली, "उद्या परत लाव."

आता रोज लावते. मालकांना मात्र अजून सांगितलेलं नाही. सकाळी ठरवते, आज सांगायचंच, आणि कामाला लागते. त्याच सॉफ्टवेअरवर.

हे पत्र पाठवणार कुठे? शिवाय सगळं लिहिलेलंही नाही. साफ केलेली फाइल मी पुसलेली नाही, आबा. टेपच्या शेवटी तुम्ही एकदाच, अडखळत, माझं नाव घेता. त्या नावाच्या पहिल्याच अक्षराला तुमची जीभ अडायची, म्हणून एरवी जन्मभर तुम्ही मला नुसतं "पोरी" म्हणालात. त्या फाइलमध्ये मात्र तुम्ही मला एका दमात हाक मारता. ती हाक तुमची नाही, मीच जोडलेली आहे, हे मला ठाऊक आहे. आई झोपली की कानाला लावून मी तेवढीच ऐकते.