उलटा व्हॉल्व्ह

अण्णा, तुमची चावी मला मिळायला हवी होती. एवढं एकदा लिहून टाकते, मग बाकीचं.

चावी म्हणजे ती छातीएवढी उंच, लोखंडी, रस्त्याखालचे पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायची. तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी ऑफिसात चहा-सामोसे झाले आणि तुम्ही ती तुमच्या हाताखालच्या मनमाडवाल्याला दिलीत. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, मुद्दाम आईची साडी नेसून आले होते. मला तुम्ही पेन दिलंत. ‘तू कागदावरचं बघ, हा रस्त्यावरचं बघेल,’ म्हणालात आणि सगळे कौतुकाने हसले. मीही हसले. आतून नुसती जळत होते. अजून जळते, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

मी शाळेत होते तेव्हाही घरात तेच. रविवारी दुपारी तुम्ही उशिरा येता, आई झाकून ठेवलेलं ताट पुढे सरकवते, आणि पहिल्या घासापासून त्याचं कौतुक सुरू होतं. मनमाडच्या माणसाला पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. तो नुसता हात ठेवून लाइनीत पाणी आहे का ते सांगतो. मी प्रगतिपुस्तक घेऊन ओट्यापाशी उभी असते. तुम्ही पाहता, ‘बरं’ म्हणता, आणि पुन्हा त्याच्यावर येता. एवढं काय होतं हो त्याच्यात?

आता मी त्याच खात्यात इंजिनिअर आहे. गावाचा कारभार तुमच्या वेळी होता तसाच आहे. नव्या टाकीला मंडप, नारळ, फुलं. जुन्या लाइनीच्या देखभालीला मात्र पंपाचं वीजबिल आणि पगार भागल्यावर जे उरेल ते. तुमचा मनमाडवालाही रिटायर झाला, पण कुठल्या व्हॉल्व्हवर कुठली गल्ली आहे ते त्याच्या डोक्यात, म्हणून त्याला मानधनावर ठेवलेला. यंदा देखभालीच्या निधीत एकच बसत होतं, त्याचं मानधन किंवा कॉम्प्युटरवरचा नकाशा. मी मानधन खोडलं. ‘माहिती एका माणसावर अवलंबून नसावी’ असा शेरा मारला. शेरा खोटा नव्हता. पण ती रेघ ओढताना मला जे सुख झालं ते काही शहराच्या भल्याचं नव्हतं. ओढली तीही तुमच्याच पेनाने.

गेल्या महिन्यात द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला लाइन फुटली. नकाशात व्हॉल्व्ह बरोबर सापडला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, त्या जुन्या काकांना फोन लावू का?’ मी म्हटलं, गरज नाही. त्याच्या दोघा मजुरांनी बंद करायला उजवीकडे आटे द्यायला घेतले. हलेना. मी म्हटलं, चावीला पाइप लावा, जोर द्या. त्यांनी दिला आणि आतला दांडाच तुटला. व्हॉल्व्ह उघडाच राहिला. शेवटी टाकीपासून पाणी तोडावं लागलं, सगळा भाग दोन दिवस कोरडा. टँकरपाशी एक फुलं विकणारी बाई हंडा आपटून मला म्हणाली, ‘चौकात नव्या टाकीचा फोटो लावलाय ना मोठा? त्यातनं येतंय का बघा पाणी!’

तो न बोलावता आला. स्कूटरला तुमची चावी बांधून. खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला, तुटका दांडा पाहिला आणि हळूच म्हणाला, ‘ताई, हा उलटा हाय. डावीकडं बंद होतो. जुन्या लाइनीत हा एकच असा.’

‘मला कोण सांगणार?’ मी म्हटलं. ‘अण्णांनी सगळं तुम्हालाच सांगितलं.’

‘नाय ओ ताई. तुम्हाला आधी सांगितलेलं. माझा पहिला दिवस होता, तुम्ही एवढ्याशा, फ्रॉकमधल्या. मी उजवीकडं जोर लावत होतो तर तुम्हीच ओरडल्या, काका, उलटा आहे तो! अण्णा लय हसले. मला म्हणले, आता हिच्याकडनं शिक.’

मग आठवलं, अण्णा. ओरडलेलं नाही, तुमचं हसणंही नाही. आठवलं ते एवढंच की चावीवर त्याचे हात, त्याच्या हातांवर तुमचे, आणि मला तुम्ही म्हणताय, ‘लांब उभी राहा, लागेल.’ त्या दिवसातलं तेवढंच मी जपून ठेवलं होतं. बाकीचं टाकून दिलं, आणि ते त्याने सांभाळलं.

नवा व्हॉल्व्ह बसला, सरळ आट्याचा. रिपोर्टात मी ‘दांडा जीर्ण झाल्याने तुटला’ असं लिहिलंय. त्याचं मानधन पुन्हा धरलंय, त्यासाठी वरिष्ठांशी भांडले. आता तो रोज सकाळी माझ्या टेबलासमोर बसून एकेक व्हॉल्व्ह सांगतो, मी नकाशात भरते. प्रत्येकापुढे एक रकाना आहे, माहिती कोणी दिली त्याचा. तिथे सगळीकडे त्याचं नाव आहे. फक्त त्या काढून टाकलेल्या उलट्या व्हॉल्व्हची नोंद मी तो चहाला गेल्यावर भरली. त्यापुढे त्याचं नाव नाही लिहिलं, अण्णा. तुमचंही नाही. माझं लिहिलं.