धम्मरत्न पाणी पीत नाही

मलकापूर,
२६ मार्च २०२५

आदरणीय मामी,
सप्रेम जयभीम.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? इकडे ठीक आहे. जिनिंगचा हंगाम संपत आला. तुमच्या लेकीला आठवा महिना लागला. पायांवर थोडी सूज आहे, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजी नको.

फोनवर मी दोन वाक्ये बोलतो, तुम्ही रडता, मग मी थांबतो. म्हणून लिहितो आहे. अक्षर मोठे काढले आहे, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे लागणार नाही.

धम्मरत्नचे कळवतो. पाच वर्षांच्या पोराचे समोरचे दात काढावे लागले. डॉक्टरांनी विचारले, "तान्हा असताना बाटलीत काय द्यायचे?" महामाया खाली बघत राहिली. मीच सांगितले, माहेरी असताना ती कापूस वेचणीला गेली की आजी दुकानातले केशरी शरबत द्यायची. ते म्हणाले, तेव्हा लागलेली गोडाची चव सहज सुटत नाही, पण सुटते.

आम्ही सोडवत होतो. शरबतात रोज थोडे पाणी वाढवत गेलो. एक दिवस तो अर्धा पेला साधे पाणी प्याला. महामायेने शेजारच्या केसरबाईंना बोलावून दाखवले.

मग तुम्ही चार दिवस राहून गेलात. दुसऱ्या दिवशी त्याच्या शाळेच्या बाटलीतून केशरी पाणी निघाले. मी फोन केला तर तुम्ही हसलात. "जवाई, साखरेनं कोणी मरते काय? पोरगं आजी आजी करत माह्या गळ्यात पडते. तुमच्या पाण्यानं पडते काय?"

पुन्हा पहिल्यापासून.

वीस तारखेला विहारात चवदार तळ्याच्या आठवणीचा कार्यक्रम होता. आमच्याकडे त्या दिवशी लहानथोर सगळे रांगेत उभे राहून पाणी पितात. धम्मरत्नने एक घोट घेतला आणि सगळ्यांसमोर थुंकला. पोरे हसली. दयारामबाबा म्हणाले, "काऊन रे बाप्पा? याच्यासाठी आपल्या लोकायनं मार खाल्ला, अन् तू थुकून राह्यला?" तो घाबरून रडायला लागला. "मले आजीचं पाणी दे," म्हणाला. महामाया पोट धरून बाहेर निघून गेली.

तुम्ही खोलीला चुना मारून ठेवला, डिंक-खारका आणल्या, असे तुमचा धाकटा, गोकुळ सांगत होता. पहिल्यासारखे हेही बाळंतपण रोहिणखेडलाच, असे तुम्ही धरून चालला आहात. पण ती येणार नाही. बाळंतपण इथेच होईल. हा माझा निर्णय आहे.

वरचे वाक्य खोडणार होतो. कागद खराब दिसतो म्हणून राहू दिले. ते खरे नाही. विहारातून आल्यावर तीच म्हणाली, "मले माहेरी नका पाठवू. अन् मायले माहं नाव नका सांगू, तिले सहन नाही होणार."

तुमच्यापुढे वाईट व्हायला मी तयार होतो. जावई वाईट निघाला तर सासूला झोप तरी लागते. पण मग तुम्ही माझी समजूत काढायला याल, तिच्यासमोर हसाल, आणि ती परत खाली बघेल. ते मला होऊ द्यायचे नाही. म्हणून तिला दिलेला शब्द मोडला. तुम्ही हा विषय तिच्यापाशी काढू नका, एवढे तरी करा.

बाळ झाले की गोकुळला कळवीन. तेव्हा या, नातवाला की नातीला, मांडीवर घ्या. पण मामी, रिकाम्या हाताने या.

तुमचा जावई,
देवानंद